फोटो नको, मिलिग्रॅम सांगा

मुलाला आवाज ऐकू येतात. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, असं तो म्हणतो. रात्र रात्र जागतो. घरचे त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे आणतात आणि विचारतात, "डॉक्टर, मेंदूचा फोटो काढून घेऊ या का?" पैशांची तयारी असते, वेळ पडली तर दागिना मोडायचीही असते. या आईबापांना मी दोष देत नाही. लाल-पिवळ्या-निळ्या मेंदूची चित्रं जाहिरातींतून आणि रील्समधून फिरवून 'आजार इथे दिसतो' हा समज घरोघर पोचवणाऱ्यांना देतो.

तेव्हा आधी साफ बोलू. स्किझोफ्रेनिया, नैराश्य, बायपोलर यांतल्या कुठल्याही आजाराचं निदान करून देणारा स्कॅन आज जगात कुठेही नाही. मनोविकाराच्या पेशंटचा एमआरआय काढतात तो गाठ, रक्तस्राव, जंतुसंसर्ग असलं दुसरं काही नाही ना, एवढं बघायला. त्यासाठी डॉक्टरांनी सांगितला तर जरूर काढावा. पण "एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे पोरगा नाटकं करतोय" असं म्हणणाऱ्या काकांना तिथल्या तिथे गप्प करा. एमआरआय नॉर्मल असलेला माणूस खराखुरा आजारी असू शकतो.

मग मेंदूतले रिसेप्टर मोजण्यात शास्त्रज्ञांनी चाळीस वर्षं घातली, ती वाया गेली का? मुळीच नाही. त्यांना शोधायचा होता आजार. हाती लागलं ते वेगळंच, आणि माझ्या मते पेशंटच्या दृष्टीने जास्त मोलाचं. औषध किती घेतलं की पुरे, हे त्यांना कळलं. दुःख एवढंच, की रंगीत चित्र गावोगाव पोचलं आणि हा आकडा प्रयोगशाळेतच राहिला.

काम चालतं कसं, ते थोडक्यात. मेंदूतल्या एका पेशीने सोडलेलं डोपामिन नावाचं रसायन दुसऱ्या पेशीवरच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. स्किझोफ्रेनियाची बहुतेक औषधं त्यांतल्या 'डी-२' नावाच्या रिसेप्टरवर आधीच ठाण मांडतात. १९७५-७६च्या सुमारास टोरांटोत फिलिप सीमन आणि बाल्टिमोरला सॉलोमन स्नायडर यांच्या चमूंनी प्राण्यांच्या मेंदूचे नमुने घेऊन एक गोष्ट दाखवली. जे औषध या रिसेप्टरला जितकं घट्ट चिकटतं, तितकी त्याची कमी मात्रा पेशंटला पुरते. पण ते परीक्षानळीतलं होतं. जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावायचं कसं?

मे १९८३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले न्यूक्लिअर मेडिसिनचे प्राध्यापक हेन्री वॅग्नर स्वतःच पेट स्कॅनरमध्ये आडवे झाले. डी-२ला चिकटणाऱ्या रेणूवर किरणोत्सर्गी कार्बन-११चा अणू जोडून तो त्यांच्या शिरेत टोचला गेला. जिवंत माणसाच्या मेंदूतले डोपामिनचे रिसेप्टर प्रथमच दिसले, ते त्यांच्या डोक्यात. दुसऱ्याच्या डोक्यावर प्रयोग करण्याआधी स्वतःचं डोकं पुढे करणाऱ्या या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

औषधाने किती रिसेप्टर व्यापले, हे कसं कळतं? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच हे आहे. औषधाने रुमाल टाकून ठेवलेल्या जागी किरणोत्सर्गी रेणूला बसता येत नाही. औषध नसताना किती रेणू बसतात आणि औषध घेतल्यावर किती बसतात, याची वजाबाकी केली की औषधाने किती जागा धरल्या ते निघतं. आणि बसमधल्या जागा ठरलेल्या असतात. त्या भरल्यावर कितीही माणसं आत कोंबली तरी बसणारे वाढत नाहीत. हे लक्षात असू द्या, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

हे काम महागडं आणि घाईचं आहे. कार्बन-११चं अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटं. त्यामुळे तो अणू तयार करणारा सायक्लोट्रॉन स्कॅनरला लागूनच हवा. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये आपल्या परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. तिथे केलेला कार्बन-११ गाडीत घालून दुपारच्या रहदारीतून सायनला न्यायचा म्हटलं, तर वाटेतच तो निम्म्यावर येईल. म्हणून गावोगावच्या खासगी पेट सेंटरमध्ये वापरतात ती फ्लुओरीन-१८ लावलेली साखर. तिचं अर्धायुष्य ११० मिनिटं आहे, ती गाडीतून नेता येते, आणि ती पेशी किती साखर खातात एवढंच दाखवते. कॅन्सरसाठी ती उत्तम. डोपामिनच्या रिसेप्टरबद्दल ती काहीही सांगत नाही. उद्या कुणी अशा सेंटरच्या रिपोर्टवर बोट ठेवून "यांचं डोपामिन वाढलंय" म्हणालं, तर रिपोर्ट उचला आणि घरी या.

आता शास्त्रज्ञांची गफलत. १९८६ मध्ये हॉपकिन्सच्याच डीन वाँग आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये जाहीर केलं, की कधीच औषध न घेतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या पेशंटच्या मेंदूत डी-२ रिसेप्टर निरोगी माणसांच्या दुपटीहून जास्त असतात. आजार सापडला, असंच सगळ्यांना वाटलं. तिकडे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत लार्स फार्डे रॅक्लोप्राइड नावाचा दुसरा रेणू वापरून तेच मोजत होते, त्यांना फरक सापडेना. रेणू वेगळा, मोजायची रीत वेगळी, पेशंट वेगळे. पुढची काही वर्षं परिषदांतून या भांडणात गेली. पुढे बऱ्याच अभ्यासांची बेरीज केल्यावर जो फरक उरला तो किरकोळ होता. दुपटीची गोष्ट मावळली. पहिला रंगीत निकाल आला की त्यावर आजाराची व्याख्या बांधायला निघणाऱ्यांनी हे प्रकरण पाठ करावं.

फार्डे आणि वाँग दोघेही मोजत होते ते रिसेप्टर. नंतर शंका आली, की घोळ घेणाऱ्या पेशीत नसून देणाऱ्या पेशीत असेल. इथे आपल्याकडचं एक मूळ येतं. सर्पगंधा वेडावर चालते, हे १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं होतं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबावर तिचा उपयोग दाखवला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. तिच्यातलं रिसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. त्या रिकाम्या साठ्यामुळे निपचित पडलेले ससे १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी, ज्यापासून डोपामिन बनतं ते एल-डोपा देऊन हिंडते केले. त्या कामाचं नोबेल त्यांना २००० मध्ये मिळालं.

त्याच २००० साली न्यूयॉर्कच्या अनिसा अबी-दरघाम यांनी साठा रिकामा करण्याचीच युक्ती वेगळ्या औषधाने माणसांत वापरली. डोपामिन उतरवलं की त्याने अडवलेले रिसेप्टर मोकळे होतात आणि स्कॅनमध्ये दिसतात. निरोगी माणसांत मोकळे रिसेप्टर ९ टक्क्यांनी वाढले, पेशंटमध्ये १९ टक्क्यांनी. म्हणजे आजाऱ्याच्या मेंदूत मुळातच डोपामिन जास्त सुटत होतं. फार सुंदर प्रयोग. पण ही सरासरी आहे. एकेका माणसाचे आकडे बघितले तर पेशंट आणि निरोगी एकमेकांत मिसळलेले दिसतात. तुमच्या मुलाचा एकट्याचा आकडा हातात देऊन कुणी सांगू शकत नाही, की तो कुठल्या गटातला.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो.

हॅलोपेरिडॉल हे औषध बेल्जियममध्ये पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत १९५८ मध्ये तयार झालं. स्वस्त, जोरकस, आजही आपल्या सरकारी दवाखान्यांत रोजचं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत पेशंट लवकर शांत व्हावा म्हणून ते दिवसाला पन्नास-शंभर मिलिग्रॅमपर्यंत चढवत. जितकं जास्त तितकं बरं, असाच विचार. १९८८ मध्ये फार्डे यांनी औषध चालू असलेल्या पेशंटचे स्कॅन काढले. नेहमीच्या मात्रेत वेगवेगळ्या वर्गांतली औषधं डी-२च्या ६५ ते ८५ टक्के जागा धरून बसली होती. नेहमीच्या मात्रेत! शंभर मिलिग्रॅमवाल्यांना धरायला जागा उरतेच किती? वरचं सगळं औषध शरीरात इतरत्र त्रास द्यायला मोकळं.

मग टोरांटोत शितिज कपूर यांनी नेम अचूक लावला. दिल्लीच्या एम्समधून शिकून तिकडे गेलेला हा माणूस. १९९६ मध्ये त्यांनी दाखवलं, की दिवसाला फक्त २ मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल सरासरी ६७ टक्के जागा धरतं. २००० साली त्यांनी पहिल्यांदाच आजारी पडलेले २२ पेशंट घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्या तसं कुणाला १ तर कुणाला अडीच मिलिग्रॅम दिलं. कुणाला किती, ते पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. निघालेले आकडे मी प्रत्येक ओपीडीच्या भिंतीवर लावीन. ६५ टक्के जागा भरल्या की बरं वाटण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते. ७२ टक्क्यांवर प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढायला लागतं. ७८ टक्क्यांवर हातपाय आखडायला लागतात.

६५ ते ७८. तेरा टक्क्यांची ही पट्टी आहे, तिच्यात पेशंट बरा होऊ शकतो आणि ताठही होत नाही. सगळी औषधं या हिशेबात बसत नाहीत. ॲरिपिप्रॅझोल याहून जास्त जागा धरूनही सहसा इतकं आखडवत नाही, कारण ते रिसेप्टर पूर्ण बंद करत नाही. क्लोझापिनचं तर निराळंच, त्याकडे येतो. पण रोजच्या वापरातल्या बहुतेक औषधांना हा नकाशा लागू आहे, आणि तो काढून पंचवीसेक वर्षं झाली.

पट्टीच्या पलीकडे गेलेली माणसं तुम्ही पाहिली आहेत. चालताना हात हलत नाहीत, चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, लाळ गळते. काहींचे पाय एका जागी ठरत नाहीत, बसवत नाही, येरझाऱ्या चालू राहतात. घरच्यांना वाटतं आजार वाढला. तसंच डॉक्टरांना सांगतात, डॉक्टरही घाईत असतात, आणि मात्रा आणखी चढते. औषधाने आलेल्या अस्वस्थतेवर त्याच औषधाचा उतारा! आणि ७२ टक्क्यांवरच्या प्रोलॅक्टिनबद्दल तर कुणी तोंडच उघडत नाही. लग्न न झालेल्या मुलीची पाळी थांबते, छातीतून दूध येतं. घरात तिच्याकडे कुठल्या नजरेने बघितलं जात असेल? चिठ्ठी लिहिताना एक वाक्य बोललं असतं, की हे या गोळीमुळे होऊ शकतं आणि झालं तर लगेच या, तर ती मुलगी त्या छळातून सुटली असती.

आपल्या बाजाराने यावर काढलेला तोडगा बघा. रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल एकाच गोळीत. ट्रायफ्लुओपेराझिन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल एकाच गोळीत. पहिलं औषध आजारासाठी, दुसरं पहिल्याने येणाऱ्या ताठरपणासाठी. पेशंट ताठरला आहे की नाही हे बघायच्या आधीच उतारा आत घातलेला. त्या दुसऱ्या औषधाने तोंड कोरडं पडतं, शौचाला त्रास होतो, विसराळूपणा येतो, म्हाताऱ्या माणसाला तर भ्रमही होतो. आणि त्याच गोळ्या वाढवून पहिल्याची मात्रा चढवली तर दुसऱ्याचीही आपोआप वाढते. ताठरपणा आला तर आधी मात्रा उतरवून बघणं हा सरळ रस्ता. काही पेशंटना दुसरं औषध खरंच लागतं, त्यांना वेगळी गोळी द्यावी, वेळ ठरवून द्यावी, गरज संपली की थांबवावी. सगळ्यांना सरसकट जोडगोळी देण्याला कपूर यांच्या आकड्यांत काहीही आधार नाही.

हे वाचून कुणीही उद्यापासून गोळ्या बंद करू नयेत. ६५ टक्क्यांच्या खाली घसरलेल्या पेशंटचे आवाज परत येऊ शकतात, आणि परत आलेला आजार दर वेळी पहिल्याइतक्या सहज आटोक्यात येतोच असं नाही. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांसोबत, थोडी थोडी. माझं भांडण औषधाशी नाही.

ताठरलेला पेशंट उतारवयाचा असेल, आणि हे औषधामुळे की खरोखरच पार्किन्सन्स सुरू झाला, हा पेच पडला, तर मात्र एक स्कॅन कामाला येतो. डोपामिन परत पेशीत ओढून घेणाऱ्या वाहकाचा तो स्कॅन, आपल्याकडे ट्रोडॅट या नावाने होतो. नुसत्या औषधाने आलेल्या ताठरपणात तो नॉर्मल येतो. मेंदूच्या स्कॅनवर पैसे घालायचेच असतील तर अशा नेमक्या प्रश्नावर घाला.

आणि ज्यांना औषध लागूच पडत नाही, त्यांचं काय? १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲडम वॉल्किन यांनी बरे झालेले आणि न झालेले अशा दोन्ही पेशंटचे स्कॅन काढले. दोघांच्याही मेंदूत औषधाने सारख्याच जागा धरल्या होत्या. रिसेप्टर बंद झाले होते आणि आवाज चालूच होते. पुढे असंही दिसलं, की अशा बऱ्याच पेशंटच्या मेंदूत डोपामिन मुळात जास्त तयारच होत नाही. मग अशा माणसाला त्याच जातीचं दुसरं औषध, मग तिसरं, मग दोन एकत्र, असं वर्षानुवर्षं फिरवत ठेवण्यात काय मिळतं?

अशांसाठी क्लोझापिन आहे. डी-२च्या जागा ते सहसा ६५ टक्क्यांच्या खालीच धरतं आणि तरी काम करतं. कसं, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. १९८८च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, इतर औषधांना दाद न दिलेल्या पेशंटमध्ये क्लोझापिनने ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमॅझिनने ४ टक्के. क्लोझापिनने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. त्या तपासणीची कटकट नको म्हणून पेशंटची दहा-दहा वर्षं जाऊ देणं मला माफ करता येत नाही. दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही फरक नसेल, तर क्लोझापिनचं नाव नातेवाइकांनी स्वतः काढावं.

थोडं रील्सवाल्यांकडे. 'डोपामिन हिट', 'डोपामिन डिटॉक्स' हे जे रोज ऐकता, त्याला खतपाणी घालणारा एक अभ्यास १९९८चा, लंडनचा. आठ पुरुषांना पैशांच्या बोलीवर रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला लावून स्कॅन काढला, खेळताना डोपामिन सुटलं. आठ माणसं. त्यातून तुमच्या भाचीच्या मोबाइलचं निदान होत नाही.

त्यापेक्षा अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातली २००२ची माकडं बघा. एकेकटी ठेवली होती तेव्हा सगळ्यांचे डी-२ सारखेच. मग चार-चारांचे गट केले. जी माकडं गटात वरचढ ठरली त्यांच्या मेंदूत डी-२चं प्रमाण वाढलं. दबलेल्यांचं वाढलं नाही, आणि कोकेन समोर ठेवल्यावर ते जास्त घेतलं दबलेल्यांनीच. कोण कुणाच्या दडपणाखाली जगतो, त्याने रिसेप्टर बदलतात. व्यसनी माणसाच्या मेंदूत डी-२ कमी दिसतात, हे नोरा व्होल्कोव यांनी वारंवार दाखवलं आहे. ते जन्मजात कमी होते की जगण्याने झाले, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला 'मुळातच तसा' म्हणू नका.

शेवटी नैराश्याच्या गोळ्या, कारण हे वाचणाऱ्यांत त्या घेणारे बरेच असतील. "तुमचं सेरोटोनिन कमी झालंय" असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल. ते कुणी मोजलेलं नाही, आणि नैराश्यात सेरोटोनिन कमीच असतं असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा या स्कॅनमधूनही मिळालेला नाही. गोळीचा अनेकांना फायदा होतो, तेवढं सांगितलं तरी पुरे. मोजलं आहे ते वेगळं. टोरांटोच्या जेफ्री मेयर यांनी २००४ मध्ये पाच प्रचलित गोळ्या तपासल्या. पाचही गोळ्या सर्वांत कमी उपयोगी मात्रेलाच सेरोटोनिनच्या वाहकाच्या सुमारे ८० टक्के जागा धरतात.

बंद करताना हाच आकडा कामाचा ठरतो. सिटालोप्रॅम ६० मिलिग्रॅम असताना जागा भरतात नव्वदीच्या थोड्या खाली. २० मिलिग्रॅमवर साधारण ८० टक्के. म्हणजे ४० मिलिग्रॅम उतरवूनही मेंदूला फारसा फरक पडत नाही. पण साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपाससुद्धा निम्म्या जागा भरलेल्या असतात. तिथून एकदम शून्यावर आलात, तर निम्म्या जागा झटक्यात रिकाम्या. म्हणूनच "२० चे १०, १० चे ५, मग बंद" असं केलेल्या अनेकांना शेवटच्या पायरीवर चक्कर, डोक्यात विजेचे झटके, रडू, झोप उडणं असं सगळं होतं, आणि त्यांना सांगितलं जातं, बघा, नैराश्य परत आलं, गोळी आयुष्यभर लागणार. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये हाच हिशेब मांडून दाखवलं, की शेवटचे मिलिग्रॅम सर्वांत सावकाश, अगदी अर्ध्या-एक मिलिग्रॅमने उतरवायचे. ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने पुढच्याच वर्षी रुग्णांसाठीच्या माहितीत हे घेतलं.

आपल्याकडे अडतं ते इथे. ५ मिलिग्रॅमच्या खालची गोळी केमिस्टकडे मागून बघा. ती बनवा, किंवा थेंबांनी मोजता येईल असं पातळ औषध सगळीकडे मिळू द्या. त्याला स्कॅनर लागत नाही.